म्हशीची पायरी

शेवंताक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिरसाळ्याच्या बाजारात भेंडी निवडत होते. दहाव्याला गेले. तिथं अर्धं गाव म्हणत होतं, अशी खरी बाई पुन्हा व्हायची नाही. उरलेलं अर्धं गाव तोंडात सुपारी धरून गप्प होतं, आणि ते गप्प बसणं काय म्हणतंय ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. मला दोन्ही बाजू पटल्या. माझा सगळा घोळ हाच आहे.

मी सरकारी कृषी सहाय्यक. हो की नाही, बाधित की अबाधित, एवढ्या दोन रकान्यांवर माझी सगळी नोकरी चालली. कुणी "थोडं हो, थोडं नाही" म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्या गावची माणसं मला "तापट मॅडम" म्हणायची, ते काही उगीच नाही. पण या बाईला कुठल्या रकान्यात घालायचं ते मला आजवर जमलेलं नाही. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर खालची आळी आणि वरची आळी, दोन्ही माझ्या दारात भांडायला येतील. सिंदफणेच्या काठचं गाव आहे, एवढं पुरे.

त्या गावातल्या माझ्या पहिल्या दिवशी मी स्कूटी लावली, चप्पल काढली आणि नदीकडच्या बाजूनं महादेवाच्या देवळाच्या पायऱ्या चढायला लागले. वरून आवाज आला, "ओ बाई! म्हशीवर पाय देऊ नका, कडंनं या!"

मी दचकून इकडं तिकडं पाहिलं. म्हैस कुठंच नव्हती. वर एक ठेंगणी, काळीसावळी बाई कमरेला पदर खोचून उभी होती, हातात तांब्याची कळशी. माझ्या पायाखालच्या दगडाकडं बोट दाखवून म्हणाली, "ही म्हैस. जरा मान ठेवा तिचा."

ही शेवंताक्का. जातीनं गुरव, त्यामुळं देवळाची झाडलोट, दिवाबत्ती तिच्याकडं. नवरा लवकर गेलेला. मुलगा मारुती आणि सून ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळीबरोबर निघायचे ते पाडव्यानंतर परत. बाकी अर्धं गावही तसंच.

देवळापासून नदीपर्यंत अकरा पायऱ्या, आणि गावाच्या पुराचा सगळा इतिहास त्या पायऱ्यांत. तहसिलात नसेल एवढा. खालून चौथी ती कडब्याची पायरी. कधीतरी पाणी तिथवर आलं आणि गावाच्या कडब्याच्या गंजी वाहून गेल्या. सहावी म्हशीची. त्या साली कुणाची तरी गाभण म्हैस दावणीसकट गेली. त्या दगडाचा उजवा कोपरा उडालेला आहे, म्हशीच्या खुरानं उडाला म्हणतात. म्हशीच्या खुरानं काळा पाषाण उडतो का, असं मी एकदा विचारलं होतं. आक्का म्हणाली, "तुमी म्हैस पाळली का कदी?" नववी पायरी बाळंतिणीची. त्या पुरात सगळं गाव सभामंडपात होतं आणि तिथंच एक बाई मोकळी झाली.

आता यात गंमत एवढीच नव्हती, नियम होता. कडब्याच्या पायरीला पाणी लागलं की जनावरं सोडायची. म्हशीच्या पायरीला लागलं की खालच्या आळीनं घरं सोडून देवळात यायचं. कुणाचा हुकूम लागत नसे. म्हैस भिजली, एवढा शब्द पुरे. आणि तो शब्द द्यायचा मान आक्काचा, कारण रोज पहाटे त्या पायऱ्या धुणारी तीच. सगळं जग पायऱ्या वरून खाली धुतं, ही खालून वर धुवायची. का, तर म्हणे, "पाणी खालूनच येतं न बाई. त्याच्या वाटंनं जावं."

तिची एक खोड होती. काहीही विचारा, "बघून सांगते" म्हणायची. मारुती घरात आहे का? समोर ओसरीवर घोरत पडलेला असायचा, तरी ही आत जाऊन त्याच्या तोंडावरची चादर उचलून बघायची आणि मग येऊन सांगायची, "हाय." चहात साखर आहे का म्हणून विचारलं तर माझ्या कपातला घोट बशीत ओतून स्वतः पिऊन बघायची. मला राग यायचा. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की गाव तिच्या "हाय" वर डोळे झाकून निजायचं.

मग तो जीर्णोद्धार झाला.

देवस्थानची चार माणसं धर्मापुरीचं जुनं देऊळ बघून आली आणि आपलंही नीटनेटकं करावं असं त्यांच्या मनात भरलं. चांगलं होतं की. पण काम निघालं ते हिवाळ्यात, म्हणजे गाव उसात असताना. आणि नेमकी त्याच साली आक्काही गेलेली, जन्मात पहिल्यांदा. सून ओली बाळंतीण होती, कोयता तर चालवायलाच हवा, मग फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तान्ह्या लेकराला कोण बघणार? गेली बिचारी. इकडं गवंड्यानं अकराच्या अकरा पायऱ्या उखडल्या, खाली पक्का पाया घातला, दगड घासूनपुसून स्वच्छ केले आणि पुन्हा बसवले. जसे हाताला आले तसे. त्याला काय ठाऊक की यातला एक दगड म्हैस आहे आणि एक बाळंतीण? आणि ज्यांनी त्याला अडवलं असतं ते सगळे तिकडं कारखान्याच्या फडात.

पाडव्यानंतर आक्का परत आली, देवळाकडं गेली आणि तिथूनच ओरडायला लागली. सहाव्या जागेवरची म्हैस आठव्या जागेवर जाऊन बसली होती. बाळंतीण तिसरीवर. कडबा तर कुठं गेला ते कुणालाच सांगता येईना.

"अहो आक्का, पायऱ्या तेवढ्याच हायेत की! मोजून घ्या, अकरा!" देवस्थानची माणसं म्हणाली.

"आरं, पायऱ्या मोजून काय करू? नदीला सांगू का, तू बी दोन पायऱ्या वर सरक म्हणून?"

तिचं बरोबर होतं. पण गावाची सवय काय लगेच बदलते? लोकांचा डोळा त्या उडालेल्या कोपऱ्यावर बसलेला. खालच्या आळीतून उभं राहून बघितलं तरी तो कोपरा दिसतो. आक्का सांगायची, दगड बघू नका, जागा बघा, खालून सहावी. लोक "हा हा" म्हणायचे आणि दगडच बघायचे. तिनं सहाव्या पायरीवर गेरूचा पट्टा ओढला, तो दोन सरींत गेला. रंगाचा ओढायला गेली तर देवस्थाननं अडवलं, नव्या कामावर डाग नको. मलाही तिनं विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या कागदावर लिहून ठिवा न कुठंतरी." मी म्हणाले, आक्का, माझ्या कागदात पायरीचा रकाना नाही. खरंच नव्हता. तरी आज ते वाक्य आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

त्याच पावसाळ्यात मी गावात सगळ्यांना पीक विम्याचं शिकवत फिरत होते. नुकसान झालं की बहात्तर तासांत कळवायचं, फोटो काढायचा, फोटोवर तारीख, वेळ, ठिकाण आलं पाहिजे. आक्काच्या फोनमध्ये तसा कॅमेरा मीच घालून दिला. मारुतीचं रान वरच्या पट्ट्यात, कापसाची पऱ्हाटी होती. तो फोन ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधायची. "म्हंजी ह्याच्यात जे दिसंल ते सरकारला खरं वाटतं?" असं तिनं विचारलं होतं. मी म्हणाले, हो, फोटो खोटं बोलत नाही. काय ती मी आणि काय ते माझं ज्ञान!

त्या साली पाऊस असा लागला की थांबेचना. एका सकाळी नदी उठली. वरून धरणाचं पाणीही सुटलं होतं म्हणतात. मी तेव्हा गावात नव्हते, मागून सगळ्यांकडून ऐकलं आणि शेवटी आक्काकडून. पाणी पाचवीवर आलं, मग सहावीला लागलं. आक्कानं खालच्या आळीत सोपानला फोन केला. सोपान म्हणजे त्या आळीचा म्होरक्या. तो हलला की आळी हलायची.

"निघा रे. सहावीला लागलं."

सोपान दारातून देवळाकडं बघून म्हणाला, "आक्का, म्हैस तर कोरडी ठाक हाय. मला दिसतीय हितून."

"आरं मुडद्या, ती म्हैस आपल्या जाग्यावर न्हाई!"

"कावून घाई करता? पोरं जेवायला बसलीत. म्हैस भिजली की निघू."

तिनं आणखी दोघांना फोन केले. तेच उत्तर. तिनं घंटा वाजवली. लोकांनी दारातून डोकं काढून कोपरा बघितला आणि पुन्हा आत घेतलं. एवढी वर्षं जो नियम तिनं आणि तिच्या सासूनं गावाच्या हाडात उतरवला, तोच नियम आता आळीला बुडवायला बसला होता.

मग आक्कानं कळशी घेतली. खाली उतरून लाल गढूळ पाण्यात बुडवली, वर आली आणि आठव्या पायरीवर, म्हशीच्या दगडावर उपडी केली. एकदा, दोनदा, तीनदा. पाण्याबरोबर आलेला फेस आणि काडीकचरा हातानं त्या उडालेल्या कोपऱ्याला नीट लावला. आणि मी घालून दिलेल्या कॅमेऱ्यानं अगदी जवळून, बाकी काही दिसणार नाही असा, फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. तारीख, वेळ, ठिकाण, सगळं खाली आलेलं. तोवर पाऊस वाढलेला, खालून कुणाला धड दिसतही नसेल. फोटो बघितला आणि आळी उठली. म्हाताऱ्यांना पाठीवर, लेकरांना काखेत घेऊन सगळे वर आले. त्यानंतर थोड्याच वेळात सोपानच्या घरात छातीएवढं पाणी होतं. जेवायला बसलेल्या ताटांचं काय झालं ते नदीलाच ठाऊक.

एकही माणूस गेलं नाही. पाणी सातवीच्या काठाला टेकलं आणि उतरलं. आठवीला ते कधी लागलंच नाही. पण हे कुणी बघितलं? सगळे सभामंडपात दाटीवाटीनं बसलेले, बाहेर धो धो. बघणारी एकटी आक्का.

इथवर सगळं सरळ आहे. मलाही कळतं. गोंधळ पुढं आहे.

आठेक दिवसांनी विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला. सोबत मी. खालच्या पट्ट्याचा प्रश्नच नव्हता, तिथं गाळानं पीकच दिसत नव्हतं. वरच्या पट्ट्याची पऱ्हाटीही काळी पडलेली, बोंडं सडलेली. पण ती नदीच्या पाण्यानं की नुसत्या पावसानं? त्याचं म्हणणं, मला एवढंच सांगा, नदीचं पाणी या पट्ट्यात शिरलं होतं का? शिरलं असेल तर जलमय लिहितो, नसेल तर नाही. मधल्या पावसानं खुणा धुऊन गेलेल्या. वरच्या आळीची माणसं एका सुरात म्हणाली, "शिरलं व्हतं की! फोटो हाय!"

वरचा पट्टा देवळाच्या आठव्या पायरीच्या उंचीला आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. आठवीला पाणी, म्हणजे पट्ट्यात पाणी. त्या माणसानं फोटो बघितला, खालची तारीख वेळ वाचली, आठवी पायरी स्वतः मोजून आला. खूश झाला. म्हणाला, असा पुरावा तर शहरात मिळत नाही. पेन काढलं. पद्धत म्हणून विचारलं, "फोटो कुणी काढला?"

आक्का ओसरीवर तांदूळ निवडत होती. मारुती तिच्या शेजारी उभा. त्याचं रान त्याच पट्ट्यात. या वर्षी कोयता हातात न घेता घरी राहायचं, लेकराला शाळेत घालायचं, असं त्यानं बायकोला कबूल केलं होतं, आणि ते सगळं त्या पेनाच्या टोकावर होतं. मी आक्काकडं बघितलं. मला तोवर कळशीचं काही माहीत नव्हतं, पण तिचा चेहरा बघून काहीतरी चुकतंय हे कळलं. आणि मी काय केलं असेल? मी, सरकारची नोकर, तिच्या पायाला माझा पाय लावला. गप्प बस म्हणून. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय.

आक्कानं सूप खाली ठेवलं. "फोटो मी काढला," ती म्हणाली. "पर तो खोटा हाय. म्हैस मी भिजवली. कळशीनं. पाणी सातवीवरून माघारी गेलं."

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"माय, येडी झालीस का?" मारुती.

"आक्का, तुमाला तवा नीट दिसलं नसंल. पाऊस लई व्हता."

"मला दिसलं. मी बघत व्हते."

"घ्या नारायणगडाची शपथ!" वरच्या आळीतला एकजण ओरडला. त्या गडाच्या देवस्थानाला सगळं गाव मानतं. त्याला वाटलं असावं ती कचरेल. तिनं तिथंच उत्तरेला हात जोडले आणि शपथ घेतली. नारायणगड त्या बाजूला आहे की नाही देव जाणे, तिच्या मनात होता.

सोपान मात्र तिच्याकडं बघतच राहिला. हळूच म्हणाला, "म्हंजी आमी खोट्यावर उठलो?"

"व्हय."

"आन् म्हैस कोरडीच व्हती?"

"व्हय म्हणलं न."

मला वाटलं, हा आता पाया पडेल. कुठलं काय! तो म्हणाला, "मंग बे, पुढच्या वक्ताला हिच्यावर कसा इस्वास ठिवायचा?" आणि उठून गेला. त्याचा जीव वाचला होता, बायकापोरं वाचली होती, आणि याला राग कशाचा, तर फसवलं याचा. मला इतका संताप आला की मी त्याच्या मागं चार पावलं गेले. पण त्याला सांगणार काय? प्रश्न त्याचा चुकीचा नव्हता.

वरच्या पट्ट्यापुढं "जलमय नाही" असं लिहिलं गेलं. खाली माझी सही आहे.

त्यानंतर वरच्या आळीनं आक्काला देवळाच्या सेवेबद्दलची सुगीची ज्वारी घालणं बंद केलं. खालच्या आळीनं घालणं चालू ठेवलं, पण तिच्याशी बोलताना डोळे बारीक करून बोलायला लागली. मारुतीनं बिऱ्हाड उचललं आणि खालच्या आळीत एका रिकाम्या खोलीत गेला. दसऱ्याला फडात निघाला तेव्हा आईला न सांगता निघाला. परत आला तरी बोलणं नाही. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर. ती रोज पायऱ्या धुताना खाली त्याच्या दाराकडं बघायची, एवढं मला दिसायचं.

एकदा चहा पिताना तिनं मला विचारलं, "मॅडम, तुमी शिकल्याल्या. मला सांगा, तवा खोटं बोलले ते चुकलं का नंतर खरं बोलले ते?"

मी म्हणाले, दोन्ही बरोबर होतं आक्का.

"मंग दोन्हीचा तरास कावून झाला?"

मी उगीच तिच्यावर खेकसले, की तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला, मी पाय लावला होता ना? ती हसली. "लावला व्हता. मला वाटलं मुंगी."

पुढं माझी बदली झाली. पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी तिकडून जात होते, आभाळ फाटलेलं, म्हटलं आक्काकडं थांबावं. देवळाशी पोचले तर नदी पुन्हा उठलेली. आक्का पायऱ्यांच्या मधोमध उभी, ओलीचिंब, कमरेला ती पिशवी. तिनं ग्रुपवर निरोप टाकला होता, निघा म्हणून. या वेळी फोटो नव्हता, टाकला असता तरी कुणी बघितला नसता.

आणि मी बघते तर काय, खालच्या आळीतून माणसं वर यायला लागली. घरं सोडून म्हणून नाही हं. खात्री करायला! आक्काचा भरवसा नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघू, म्हणून. डोक्यावर पोत्याच्या खोळी, काखेत लेकरं, कारण बघायला गेलेल्या माणसामागं बायकोही आली आणि तिच्यामागं सासूही. सोपान काठी टेकत खालून एक एक पायरी मोजत होता. "ही पाचवी धरायची का सहावी?" "आरं, पाण्याखालच्या मोज की!" "म्हैस तर कोरडी हाय." "ती म्हैस खोटी हाय बे, जागा बघ!" एवढा कालवा, एवढं भांडण की बास. आणि ते भांडत असतानाच मागं आळीत पाणी शिरलं. सगळे वरच होते.

मी आक्काच्या कानाशी जाऊन ओरडले, "तुम्हाला ठाऊक होतं का, ही अशी येतील?"

"मला काय बी ठाऊक न्हाई," ती म्हणाली. तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती माणसं मोजत होती. ओठ हलत होते. मग थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. मलाही तेव्हा कळलं. मारुतीचं घर नव्हतं आलेलं.

तो काय बघायला येणार? त्यानं वर्षभर या पायऱ्यांकडं पाठ फिरवलेली. आक्का एक पायरी खाली उतरली. मग अजून एक. मी तिचा दंड धरला. सोपाननं खाली हाक मारली, मारुत्या, मारुत्या! पावसात हाक कुठवर जाते?

आणि मग तो आला. पाठीवर लेकरू, मागं बायको, तिच्या डोक्यावर पत्र्याची पेटी. कमरेएवढ्या पाण्यातून चालत पायऱ्यांशी आला, चढला, आईच्या समोर येऊन उभा राहिला. धापा टाकत होता. पाणी त्याच्या पायाशीच होतं, त्यातूनच तर तो बाहेर आला होता. आजूबाजूला सगळं गाव माना खाली घालून पायऱ्या मोजत होतं.

मारुती आईकडं बघत म्हणाला, "माय, पाणी कितवीला हाय?"

"थांब," आक्का म्हणाली, "बघून सांगते."

ती वाकली. हातानं चाचपत पाण्याखालच्या पायऱ्या मोजल्या, एक, दोन, तीन, सगळ्या, सावकाश. मग उभी राहिली. "सहावीला."

"बरं," मारुती म्हणाला आणि लेकराला तिच्या कडेवर देऊन देवळात गेला. त्यानं खाली वळून बघितलं नाही.